सिद्धगडची खबर

बदलापूरहून निघालेला रस्ता बारवी धरण मागे टाकून मुरबाड तालुक्यात शिरतो. याच तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्याला लागून, सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथल्या जंगलात पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने गोळ्या झाडल्या आणि दोन माणसे धारातीर्थी पडली. एक माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे सगळ्यांचे भाई कोतवाल, आणि दुसरा मानिवलीचा तरुण हिराजी गोमाजी पाटील. सरकारी दफ्तरात हे दोघे राज्याचे शत्रू होते. त्यांचा मुक्काम फोडणारा फितूर मात्र त्याच दफ्तरात राज्याचा इमानी माणूस ठरत होता. पंचक्रोशीने दोन्ही निकाल त्याच दिवशी फिरवले आणि आज ते तसेच कायम आहेत. एकाच घटनेत द्रोहाचे दोन प्रकार असे समोरासमोर उभे राहिलेले मी दुसरीकडे फारसे पाहिलेले नाहीत.

कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या नाभिक कुटुंबातला. शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी काढली, गावोगावी शाळा सुरू केल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक आली तेव्हा ते भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यातले शेतकरी, आदिवासी, तरुण जमवून त्यांनी आझाद दस्ता उभारला.

या दस्त्याने काय हेरले, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे ज्या विजेवर चालत, ती टाटांच्या घाटमाथ्यावरच्या तलावांतून येत असे. खोपोलीचे वीजगृह १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. घाटावरून कोसळलेले पाणी खाली यंत्रे फिरवी आणि तयार झालेली वीज तारांवरून, शेतांतल्या लोखंडी मनोऱ्यांच्या खांद्यांवरून, मुंबईला जाई. महायुद्धात गुंतलेल्या साम्राज्याची एक नाडी कर्जतच्या भातखाचरांतून धावत होती, आणि तिथे राखणीला कोण होते? दस्त्याने मनोरे पाडायला सुरुवात केली. भिवपुरीत वीज देऊन बाहेर पडणारे पाणी पुढे उल्हास नदीत जाते. पुढे १९७० च्या दशकात जिच्यावर औद्योगिक विकास महामंडळाचे धरण झाले, अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांना जिचे पाणी जाते, ती बारवीही उल्हासलाच मिळते. आज नळातून पडणाऱ्या पाण्याच्या खोऱ्यातच हा लढा झाला, ही गोष्ट इथल्या फार थोड्या मुलांना कुणी सांगितली असेल, याचे मला वाईट वाटते.

सत्तेशी द्रोह म्हणजे नेमके काय, हे ठरवताना कायद्याने काय काय केले, ते वाचताना थक्क व्हायला होते. इंग्लंडचा मूळ कायदा १३५१ चा. राजाच्या मरणाची योजना करणे हा त्यात द्रोह आहेच, पण राजाची खोटी नाणी पाडणे हाही द्रोहच आहे. बायकोने नवऱ्याला मारले किंवा नोकराने मालकाला मारले, तर तो नुसता खून नव्हे, धाकटा द्रोह. घर म्हणजे छोटे राज्य आणि नवरा त्याचा राजा, असा तो हिशेब होता, आणि तो पुस्तकातून थेट १८२८ मध्ये गेला. याच कायद्याखाली आयरिश देशभक्त रॉजर केसमेंट यांना ३ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनमध्ये फाशी झाली. जर्मनीतल्या आयरिश युद्धकैद्यांना त्यांनी इंग्रजांविरुद्ध उभे राहायला सांगितले होते. हा कायदा राज्याबाहेर केलेल्या कृत्याला लागू होतो का, असा बचाव होता. सारा वाद साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या, जुन्या फ्रेंचमधल्या, विरामचिन्हांवाचूनच्या एका वाक्याचे तुकडे कुठे पाडायचे यावर आला.

अमेरिकेची राज्यघटना लिहिणारे स्वतः इंग्लंडच्या राजाचे द्रोही होते, म्हणूनच त्यांनी हात आखडता घेतला असे मला वाटते. देशाविरुद्ध युद्ध करणे किंवा शत्रूला सामील होऊन मदत करणे, एवढाच द्रोह, आणि तो सिद्ध करायला एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर भर न्यायालयात दिलेली कबुली. एकट्या खबऱ्याच्या शब्दावर तिथे कुणी द्रोही ठरत नाही.

आपल्याकडे भारतीय दंड संहितेचे १२१ वे कलम होते : सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे. शिक्षा मरण किंवा जन्मठेप. सिद्धगडनंतर तीन वर्षांच्या आत, १९४५ च्या नोव्हेंबरात, हेच कलम दिल्लीच्या लाल किल्ल्यात उभे राहिले. आरोपी आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लन. मुंबईचे ॲडव्होकेट भुलाभाई देसाई बचावाला होते. स्वातंत्र्यासाठी रीतसर सैन्य उभारून लढणाऱ्यांना फितूर म्हणता येत नाही, परतंत्र राष्ट्रालाही युद्धाचा हक्क असतो, असे त्यांनी मांडले. लष्करी न्यायालयाने तिघांना दोषी धरले, पण देश असा पेटला होता की सरसेनापती ऑकिनलेक यांना जन्मठेप माफ करून जानेवारी १९४६ च्या सुरुवातीला त्यांना सोडावे लागले. कोतवाल आणि हिराजी जिवंत हाती लागले असते, तर त्यांच्यावर कोणता खटला चालला असता आणि १९४६ मध्ये ते कुठे असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता दुसरा द्रोह, खबर देणाऱ्याचा. याच्यासाठी कायद्यात शिक्षा नाही, उलट इनाम आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध झाल्यावर सरकारने मोठे बक्षीस लावले. त्या तपासात द्रविड बंधूंनी चापेकरांची माहिती दिली. दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या. रँड परका होता, त्याच्याशी इमानाचे नाते नव्हतेच. द्रविड बंधू आपले म्हणवत होते, आणि तिथेच सगळी जखम आहे.

कायदा मात्र अशा माणसाकडे विलक्षण दुहेरी नजरेने पाहतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचे १२५ वे कलम सांगे की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येणार नाही. आजच्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. म्हणजे खबऱ्याच्या नावावर कायद्यानेच पांघरूण घातले. आणि त्याच कायद्यात साथीदाराच्या साक्षीबद्दल न्यायालयाला बजावले आहे की दुसरा आधार मिळाल्याखेरीज असा माणूस विश्वासाला अपात्र मानता येईल. माफीचा साक्षीदार सरकारला हवा असतो, त्याला माफी मिळते, आणि न्यायाधीश त्याच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचा टेकू शोधत बसतात. मित्राला विकणारा माणूस उपयोगाचा असतो, भरवशाचा नसतो, हे त्या इंग्रज कायदेकारांना पुरते कळलेले होते. कोतवाल वकील होते, तेव्हा त्यांनीही ही कलमे अभ्यासली असणार.

आपली महाकाव्ये या बाबतीत कायद्याहून खोल जातात. बिभीषण रावणाला भर सभेत बजावतो, मग लंका सोडतो, रामाकडे जातो, आणि शेवटी लंकेचा राजा होतो. रामायण त्याला धर्मात्मा म्हणते, लोकांच्या तोंडी मात्र तो घरभेदीच राहिला. महाभारतात युयुत्सू, धृतराष्ट्राचा दासीपुत्र, युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही सैन्यांच्या देखत कौरवांची बाजू सोडून पांडवांकडे येतो. त्याला कुणी फितूर म्हटले नाही. पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताच्या राज्याचा सांभाळ त्याच्याच हाती दिला. आणि कर्ण? त्याला स्वतः कृष्णाने जन्माचे सत्य सांगितले, राज्य देऊ केले, तरी त्याने दुर्योधनाला सोडले नाही, आणि चुकीच्या बाजूला राहिलेल्या त्या माणसावर मराठी वाचकाने पिढ्यान् पिढ्या जीव लावला.

या तिघांना सिद्धगडच्या फितुराशेजारी उभे करून पाहा. बिभीषण तोंडावर बोलून गेला, युयुत्सू दिवसाढवळ्या गेला, कर्ण गेलाच नाही. कोतवालांनीही लपून राहून लढा दिला, पण सरकारशी आपले वैर आहे हे त्यांनी सरकारपासून कधी लपवले नव्हते. दस्त्याची खबर देणाऱ्याचे वैर मात्र दस्त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला पहाटे लोक जमतात, आणि नावे घेतात ती भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांची.