प्रलयोत्तर कथासाहित्य

प्रलयोत्तर कथासाहित्य हा विज्ञानकथेशी निगडित असा एक कथाप्रकार आहे. अणुयुद्ध, साथीचा रोग, हवामानातील उलथापालथ किंवा अन्य एखाद्या कारणाने मानवी संस्कृती कोसळल्यानंतर मागे उरलेल्या माणसांचे जीवन हा या प्रकाराचा विषय असतो. कादंबरी, लघुकथा, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, चित्रकथा आणि व्हिडिओ गेम अशा सर्व माध्यमांत तो आढळतो. विषय विनाशाचा असूनही गेली सुमारे दोनशे वर्षे वाचक व प्रेक्षक या कथांकडे पुन्हापुन्हा वळत आले आहेत. नित्याच्या जगण्यातील कोणत्या गोष्टी खरोखर मोलाच्या आहेत, हे ते जगणे हिरावून घेऊन तपासून पाहण्याची संधी या कथा देतात. त्यांच्या आकर्षणाचे मूळ प्रामुख्याने यातच आहे.

संज्ञा व व्याप्ती

इंग्रजीत या प्रकारास 'पोस्ट-अपोकॅलिप्टिक फिक्शन' म्हणतात. 'अपोकॅलिप्स' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा मूळ अर्थ 'आवरण दूर करणे' किंवा 'प्रकट करणे' असा आहे. बायबलच्या नव्या करारातील अखेरच्या ग्रंथामुळे त्याला जगाचा अंत हा अर्थ चिकटला. मराठीतील 'प्रलय' या शब्दाचा मूळ अर्थ लय पावणे, विलीन होणे असा आहे.

या प्रकाराच्या दोन शेजाऱ्यांपासून त्याला वेगळे ओळखावे लागते. आपत्तिकथेत संकट प्रत्यक्ष कोसळत असते व ते टाळण्याची धडपड हा कथेचा गाभा असतो. डिस्टोपिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कथांत समाजव्यवस्था शिल्लक असते. किंबहुना ती माणसाला गुदमरवून टाकण्याइतकी बळकट झालेली असते. प्रलयोत्तर कथेत व्यवस्थाच उरलेली नसते. अनेक कलाकृतींत या तिन्ही छटांची सरमिसळही दिसते.

इतिहास

आरंभ

फ्रेंच लेखक झाँ-बाप्तिस्त कुझँ द ग्रँव्हील यांची 'ल दर्निए ओम' (शेवटचा माणूस) ही कादंबरी १८०५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मांडणी धार्मिक स्वरूपाची आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या धूलिकणांमुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा जवळजवळ झालाच नाही. त्या वर्षी लॉर्ड बायरन यांनी सूर्य विझलेल्या पृथ्वीचे वर्णन करणारी 'डार्कनेस' ही कविता लिहिली.

मेरी शेली यांची 'द लास्ट मॅन' (१८२६) ही कादंबरी या प्रकारातील आद्य महत्त्वाची कृती मानली जाते. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस महामारीने मानवजात नष्ट होते आणि लायोनेल व्हर्नी हा एकटा मागे उरतो, असे तिचे कथानक आहे. लेखनापूर्वीच्या काही वर्षांत शेली यांची तीन अपत्ये दगावली होती, १८२२ मध्ये पती पर्सी शेली बुडून मरण पावले होते आणि १८२४ मध्ये स्नेही बायरन यांचेही निधन झाले होते. कादंबरीतील एड्रियन व रेमंड ही पात्रे या दोघांवरून बेतलेली आहेत. समकालीन समीक्षकांनी कादंबरीची हेटाळणी केली. त्यानंतर ती दीर्घकाळ विस्मृतीत गेली आणि १९६० च्या दशकात पुन्हा छापली जाऊ लागली.

रिचर्ड जेफरीज यांच्या 'आफ्टर लंडन' (१८८५) मध्ये रानाने गिळलेले इंग्लंड दिसते. जॅक लंडन यांच्या 'द स्कार्लेट प्लेग' (१९१२) मध्ये २०१३ सालच्या साथीतून वाचलेला एक वृद्ध प्राध्यापक साठ वर्षांनंतर आपल्या रानटी झालेल्या नातवंडांना जुन्या जगाची हकिकत सांगतो.

अणुयुग

१९४५ मधील हिरोशिमा व नागासाकीवरील अणुबॉम्बहल्ल्यांनंतर जगाचा अंत माणसाच्या आवाक्यातील गोष्ट ठरली आणि या कथांना नवे गांभीर्य आले. नेव्हिल शूट यांच्या 'ऑन द बीच' (१९५७) मध्ये उत्तर गोलार्ध अणुयुद्धात नष्ट झाला असून मेलबर्नचे रहिवासी किरणोत्सर्गाची वाट पाहत आहेत. आपण पाहणार नाही हे ठाऊक असूनही एक दांपत्य पुढील वर्षाच्या बागेचे बेत आखत राहते.

वॉल्टर एम. मिलर हे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होते. १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनो येथील प्राचीन मठावर झालेल्या हल्ल्यात त्यांचा सहभाग होता. त्यांच्या 'अ कँटिकल फॉर लाइबोविट्झ' (१९५९) या कादंबरीत अणुयुद्धानंतर वाळवंटातील एका मठातील भिक्षू विज्ञानाचे उरलेसुरले कागद जपतात. एका भिक्षूला एक तांत्रिक आराखडा आणि किराणा मालाची एक यादी सापडते. अर्थ न कळताही तो त्या आराखड्याची सुशोभित प्रत करण्यात अनेक वर्षे घालवतो. शतकांनंतर ज्ञान पुन्हा बहरते आणि माणूस पुन्हा अण्वस्त्रे तयार करतो. या कादंबरीला १९६१ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आकर्षणाची कारणे

नित्याच्या गोष्टींचे नवे मोल

या कथांत ओळखीच्या वस्तू अनोळखी होऊन समोर येतात. कॉर्मक मॅकार्थी यांच्या 'द रोड' (२००६) मध्ये राखेने झाकलेल्या प्रदेशातून बाजारातली ढकलगाडी लोटत एक बाप व त्याचा लहान मुलगा दक्षिणेकडे चालले आहेत. बापाला मोडक्या यंत्रात शीतपेयाचा एक डबा सापडतो आणि तो मुलाला प्यायला मिळतो. मुलासाठी तो आयुष्यातील पहिलाच असतो. रोज लक्षही जाणार नाही अशी वस्तू येथे सोहळ्याचे कारण ठरते. या कादंबरीला २००७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

एमिली सेंट जॉन मँडेल यांच्या 'स्टेशन इलेव्हन' (२०१४) मध्ये साथीनंतर एका विमानतळावर अडकलेले लोक तेथेच वस्ती करतात व संग्रहालय उभारतात. त्यात निकामी झालेले मोबाइल फोन, क्रेडिट कार्ड व उंच टाचांचे बूट मांडलेले असतात. हे पुस्तक मिटल्यावर वाचकाला नळाचे पाणी व विजेचा दिवाही काही काळ नवलाचा वाटू शकतो.

मोकळी पाटी

संस्कृतीबरोबर कर्ज, कचेरी, दर्जा व स्पर्धाही नाहीशी होतात. ज्याचे काम रोजच्या व्यवहारात कोणाच्या लक्षातही येत नव्हते, त्याचे कौशल्य एकाएकी मोलाचे ठरते. आधुनिक जीवनाच्या गुंतागुंतीने थकलेल्या वाचकाला ही सुटका हवीशी वाटते. भूक, पाणी, निवारा व सोबत एवढेच प्रश्न उरल्याने निर्णय कठीण असले, तरी त्यांचा अर्थ स्पष्ट असतो.

भीतीची तालीम

सुरक्षित जागी बसून संकटाची कल्पना करणे ही एक प्रकारची पूर्वतयारी असते, असे मत मांडले जाते. २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ पसरताच 'कंटेजन' (२०११) हा साथीवरील जुना चित्रपट पुन्हा मोठ्या प्रमाणावर पाहिला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३१० जणांचा सहभाग असलेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात प्रलय, परग्रहवासीयांचे आक्रमण व झोंबी यांवरील चित्रपटांचे चाहते साथीच्या काळात मनाने अधिक सज्ज असल्याचे दिसून आले. मात्र हा केवळ सहसंबंध आहे. चित्रपटांमुळे सज्जता आली की मुळातच सज्ज असणाऱ्यांना असे चित्रपट आवडतात, हे त्यावरून ठरत नाही.

काय जपावे हा प्रश्न

जॉर्ज आर. स्टुअर्ट यांच्या 'अर्थ अबाइड्स' (१९४९) मध्ये साथीतून वाचलेला इश हा तरुण बर्कली येथील विद्यापीठाचे ग्रंथालय पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवू पाहतो. परंतु नव्या जगात जन्मलेल्या मुलांना वाचनाची गरजच भासत नाही. अखेर तो त्यांना धनुष्यबाण करायला शिकवतो, कारण जुन्या जगाचे साठे संपल्यावर तेच उपयोगी पडणार असते. पुढील पिढीला नेमके काय द्यायचे, हा प्रत्येक पालकापुढचा व शिक्षकापुढचा प्रश्न येथे उघडा होऊन समोर येतो. 'स्टेशन इलेव्हन' याच प्रश्नाला निराळे उत्तर देते. तिच्यातील फिरती मंडळी उजाड गावांतून शेक्सपिअरची नाटके करीत हिंडतात. केवळ जिवंत राहणे माणसाला पुरत नाही, असे ही कादंबरी सुचवते.

चित्रपट

जपानी चित्रपटांत या विषयाला प्रत्यक्ष अनुभवाची धार आहे. 'गोजिरा' (१९५४) मधील राक्षस जलबॉम्बच्या चाचण्यांमुळे जागा होतो. हायाओ मियाझाकी यांच्या 'नाउशिका' (१९८४) या चित्रपटामागे मिनामाता उपसागरातील पाऱ्याच्या प्रदूषणाची प्रेरणा होती. त्यातील विषारी अरण्य प्रत्यक्षात दूषित माती शुद्ध करीत असते.

ऑस्ट्रेलियात पेशाने डॉक्टर असलेल्या जॉर्ज मिलर यांनी 'मॅड मॅक्स' (१९७९) पासून एक मालिका उभी केली. १९७३ च्या तेलटंचाईत माणसे पेट्रोलसाठी हातघाईवर आल्याची आठवण तिच्यामागे होती. २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' तेल, पाणी व स्त्रियांवरील मालकी यांना एकाच सूत्रात बांधतो. त्याला सहा ऑस्कर पुरस्कार मिळाले. 'वॉल-ई' (२००८) या ॲनिमेशनपटाने हाच विषय मुलांपर्यंत नेला. त्यात कचऱ्याने भरलेल्या पृथ्वीवर एकटाच उरलेला यंत्रमानव लहानसहान वस्तू गोळा करून ठेवतो.

व्हिडिओ गेम

वाचक वा प्रेक्षक पात्राचा निर्णय पाहतो. खेळाडूला तो स्वतः घ्यावा लागतो. त्यामुळे टंचाईचा अनुभव या माध्यमात अधिक थेट होतो. 'फॉलआउट' (१९९७) मध्ये भूमिगत निवाऱ्यातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा सुटा भाग निकामी होतो व तो शोधून आणण्यासाठी खेळाडूला १५० दिवस मिळतात. बाहेरच्या जगात बाटल्यांची झाकणे चलन म्हणून वापरली जातात. 'स्टॉकर' (२००७) हा गेम युक्रेनमधील चेर्नोबिलच्या ओसाड परिसरात घडतो. १९८६ मध्ये तेथे प्रत्यक्ष अणुदुर्घटना झाली होती.

'द लास्ट ऑफ अस' (२०१३) मध्ये बुरशीच्या संसर्गाने समाज कोसळला आहे. जोएलने जिला पोहोचवायचे आहे त्या मुलीच्या शरीरात रोगावरील लस असू शकते. मात्र ती मिळवताना मुलीचा प्राण जाणार असतो. जोएल तिला वाचवतो व त्यासाठी इतरांना मारतो. हे सारे खेळाडूच्या हातून घडते आणि दुसरा मार्ग दिलेला नसतो. एका जिवावरील माया व सर्वांचे हित यांतील हा पेच खेळ संपल्यावरही चर्चेत राहिला. २०२३ मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिका आली.

भारतीय व मराठी संदर्भ

भारतीय परंपरेत प्रलयाची कल्पना चक्राकार आहे. शतपथ ब्राह्मणातील मनू व मत्स्याच्या कथेत जलप्रलयानंतर मनूपासून प्रजा पुन्हा निर्माण होते. महाभारताच्या मौसलपर्वातील वर्णन आधुनिक प्रलयोत्तर कथेच्या बरेच जवळ जाते. यादवांचा संहार झाल्यावर द्वारका समुद्रात बुडते, वाचलेल्यांना घेऊन अर्जुन निघतो, वाटेत आभीर त्यांना लुटतात आणि अर्जुनाचे सामर्थ्य त्या वेळी उपयोगी पडत नाही.

मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकर यांच्या 'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडते व हिमयुगाचे संकट ओढवते. कथेचा भर मात्र विज्ञानाच्या साहाय्याने संकटातून मार्ग काढण्यावर आहे. 'कल्की २८९८ एडी' (२०२४) या तेलुगू चित्रपटात काशी हे जगात उरलेले शेवटचे शहर दाखवले असून कथेची सांगड महाभारताशी घातली आहे.

टीका

ब्रिटिश लेखक ब्रायन ऑल्डिस यांनी जॉन विंडम यांच्या 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' (१९५१) सारख्या कादंबऱ्यांना 'सुखावह आपत्ती' म्हटले. इतर सर्वजण मरत असताना नायकाला मात्र रिकामे हॉटेल व फुकटची मोटार मिळते, असा त्यांचा रोख होता. मोकळ्या पाटीचे स्वप्न पाहणारा वाचक स्वतःला नेहमी वाचलेल्यांत धरतो, ही या आकर्षणाची दुखरी बाजू आहे.

संकटात माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, या रूढ चित्रणावरही आक्षेप घेतला गेला आहे. रिबेका सोलनिट यांनी 'अ पॅराडाइज बिल्ट इन हेल' (२००९) या पुस्तकात १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप, १९८५ चा मेक्सिको सिटीचा भूकंप इत्यादी प्रत्यक्ष आपत्तींचा मागोवा घेतला. बहुसंख्य सामान्य माणसे अशा वेळी अनोळखी लोकांना जेवू घालतात व ढिगाऱ्यातून बाहेर काढतात, असे त्यांना आढळले. शेजाऱ्याला शत्रू मानायला शिकवणाऱ्या कथा खऱ्या संकटात मदतीच्या आड येऊ शकतात.

तिसरा आक्षेप स्वतः कथालेखकांकडूनच आला. वाउबगेशिग राइस यांच्या 'मून ऑफ द क्रस्टेड स्नो' (२०१८) या कादंबरीत कॅनडाच्या उत्तरेकडील अनिशिनाबे या आदिवासी वस्तीचा वीज व संपर्काचा दुवा तुटतो. वस्तीतील एक वृद्धा सांगते की, गोऱ्यांनी भूमी बळकावली, अरण्ये तोडली व मुले हिरावून नेली, तेव्हा त्यांच्या लोकांचे जग पूर्वीच संपले होते आणि ते लोक तरीही टिकून राहिले. वसाहतवाद, दुष्काळ वा विस्थापन सोसलेल्या समाजांसाठी प्रलयानंतरचे जगणे हा इतिहासाचा भाग आहे.