वाळूमाशी पकडतात कशी?

● ओळख : लांबी जेमतेम २ ते ३ मिमी. साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरते. चांदीपुरा विषाणू हिच्यामार्फत पसरतो.

● विदर्भाशी संबंध : १९६५ मध्ये नागपूरकडच्या चांदीपुऱ्यातील तापाच्या रुग्णांत हा विषाणू प्रथम आढळला; पुढे औरंगाबादच्या वाळूमाश्यांतही.

● ओढनळी : मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचे कोपरे टॉर्चने धुंडाळायचे, माशी दिसली की नळीतून तोंडाने ओढायची. मधल्या जाळीमुळे ती तोंडात जात नाही.

● प्रकाश-सापळा : बॅटरीवरचा दिवा माशीला खेचतो, पंखा पिशवीत ढकलतो. संध्याकाळी टांगायचा, सकाळी उतरवायचा.

● तेलकट कागद : एरंडेल लावलेला कागद भेगेजवळ ठेवला की माश्या चिकटतात.

● राजापेठेसारख्या शहरी वस्तीत काय? मातीच्या भेगा नसलेल्या पक्क्या घरांत वाळूमाशीपेक्षा खरी काळजी कूलरच्या पाण्यातल्या डेंग्यूच्या डासांची. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा.