शिडांचे नियमन
शिडांचे नियमन : वाऱ्याची दिशा व वेग यांनुसार शिडाचा कोन, फुगवटा व क्षेत्रफळ बदलण्याची क्रिया. वाऱ्याकडे तिरपे जाताना शीड दोराने आत ताणतात. वारा मागून असता सैल सोडतात. दोर फार सैल असल्यास शीड फडफडते. फार ताणल्यास हवेचा प्रवाह शिडापासून तुटून नौका कलते व वेग घटतो. म्हणून फडफड थांबेल इतकेच ताणणे हा सामान्य नियम होय. सोसाट्याच्या वाऱ्यात शीड सपाट करून त्याचा काही भाग वेळीच गुंडाळतात. अन्यथा शीड फाटण्याचा वा नौका उलटण्याचा धोका असतो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तीत हे सर्व नियमन एकाच व्यक्तीस करावे लागले.