दिव्यांगांच्या स्पर्धेत स्वयंसेवक होताना

दिव्यांग मूल दिवसभर आतल्या खोलीत बसून आहे, अशी घरे आपल्या वस्तीतही आहेत. 'पडेल, लागेल, लोक हसतील' या भीतीने आईवडील त्याला मैदानावर पाठवत नाहीत. सोबत कुणी जाणते माणूस आहे ही खात्री पटली, तर ते पाठवतील. ती खात्री स्वयंसेवक देतो.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये जर्मनीत त्यांनी पोहण्यात पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. खेळाडूत दम असतोच. आपण फक्त सोबत करायची, आणि ती नीट करायची. त्यासाठी आम्ही वस्तीतल्या तरुणांना एवढे सांगू:

विचारल्याशिवाय हात लावू नका. व्हीलचेअर ढकलण्याआधी "ढकलू का?" म्हणा. अंध खेळाडूला ओढू नका. त्याला आपला कोपर धरू द्या, अर्धे पाऊल पुढे चाला, पायरी आली की सांगा. ऐकू न येणाऱ्याशी समोर उभे राहून बोला.

उन्हाकडे लक्ष ठेवा. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झाली असेल, तर इजेच्या खाली नीट घाम येत नाही आणि अंग लवकर तापते. सावली, पाणी आणि ओले फडके तयार ठेवा.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे मणके सैल असतात. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यांना कोलांटी किंवा सूर मारायला लावू नका.

फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. गर्दी हटवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.

आणि 'बिचारा' हा शब्द घरीच ठेवून या. शेवटी आलेल्याला दयेच्या टाळ्या नकोत. त्याची मागची वेळ किती होती ते विचारा.

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी अशा स्पर्धा होतात. जवळच्या विशेष शाळेत जाऊन नाव द्या. जाताना शेजारच्या घरातल्या त्या मुलालाही सोबत न्या.