नोकरी सांभाळून ब्लूग्रास: ‘द सेल्डम सीन’

ब्लूग्रास हा अमेरिकी लोकसंगीताचा प्रकार म्हटलं की केंटकी आठवतं, पण माझा लाडका बँड राजधानी वॉशिंग्टनच्या उपनगरातला. सुरुवात १९७१ची, बँजोवादक बेन एल्ड्रिजच्या तळघरात. बेन पेशाने गणितज्ञ. गिटार आणि मुख्य गायन जॉन स्टार्लिंगचं, जो लष्करात सर्जन होता! बेसवाला टॉम ग्रे नॅशनल जिओग्राफिकसाठी नकाशे करायचा. नोकऱ्या सोडायच्या नव्हत्या, म्हणून लांबचे दौरे जवळपास नाहीतच. आठवड्यातून एक रात्र ठरलेल्या ठिकाणी वाजवायचं.

मुरलेला गडी म्हणजे मँडोलिनवाला जॉन डफी. तो आणि ग्रे दोघंही आधी ‘कंट्री जंटलमेन’ या ब्लूग्रास बँडमध्ये होते. मधल्या काळात डफी वाद्यं दुरुस्त करायचा. त्याचे वडील ऑपेरात गायचे. डफीचा वरच्या पट्टीतला आवाज ऐकला की ते पटतं.

आणि माइक ऑल्ड्रिज! दिवसा व्यावसायिक चित्रकार, रात्री डोब्रोवादक. डोब्रो म्हणजे धातूची तबकडी बसवलेली गिटार, आडवी धरून तारांवर पोलादी पट्टी सरकवत वाजवायची. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार आवडत असेल तर ही मींड ओळखीची वाटेल. त्याचे मामा एल्सवर्थ कझन्स कंट्री संगीताचा आद्य गायक खुद्द जिमी रॉजर्सच्या साथीला स्टील गिटार वाजवायचे. माझ्या मते बँडचा खरा रंग बँजोत नाही, या डोब्रोत आहे. (बँजोप्रेमींनी भांडायला कमेंटमध्ये यावं.)

ऐकायचं असेल तर १९७५चा अल्बम ‘लाइव्ह अ‍ॅट द सेलर डोअर’ लावा. डफीची थट्टामस्करीही त्यात आहे.