अभिरुची, किंमत आणि हजाराच्या आतली वाइन

मागच्या वेळी आपण 'अभिरुची' या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द जरा पेल्यात ओतून पाहू. मित्रांबरोबर बसून आनंदाने घेता येईल आणि पेन्शनलाही परवडेल अशी वाइन कशी शोधायची, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यावर का बोलावं, ते पुढे लक्षात येईलच.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. आम्ही सहा निवृत्त मंडळी महिन्यातून एकदा जमतो. काही वर्षांपूर्वी एकाच्या मुलाने परदेशातून भारी रेड वाइन आणली होती. किंमत आधीच कानावर आली होती. आम्ही घोट घेतले, माना डोलावल्या, "वा, काय खोली आहे!" वगैरे म्हणून झालं. जिना उतरताना एकाने हळूच विचारलं, "ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता का हो?" येत होता. पाचही जणांना येत होता. दुसऱ्या दिवशी यजमानांनीही फोनवर कबूल केलं.

तो दोष बुचाचा होता. नैसर्गिक बुचात कधीकधी बुरशीमुळे एक संयुग तयार होतं. ते अपाय करत नाही, पण वाइनचा स्वतःचा गंध मारून टाकतं. बाटली कितीही महाग असो, ते काही पाहत नाही. आम्हाला लागलं ते वेगळंच. जन्मभर वर्गात "स्वतःचं डोकं वापरा" म्हणून सांगितलं, आणि चाळीस वर्षांच्या मित्रांसमोर स्वतःच्या नाकाची साक्ष द्यायला आम्ही कचरलो.

आता डेव्हिड ह्यूमकडे येऊ. अभिरुचीच्या निकषावरचा त्याचा निबंध १७५७ सालचा. त्यात तो 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट सांगतो. सँचोच्या दोन नातलगांना पिंपातल्या वाइनची परीक्षा करायला बोलावलं. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली!

याचा अर्थ, चव ज्याची त्याची असली तरी सगळीच मतं सारखी नसतात. चांगल्या परीक्षकाकडून ह्यूम ज्या गोष्टी मागतो त्यांतल्या तीन आपल्या कामाच्या आहेत: पूर्वग्रह नसणे, तुलना आणि सराव. या तिन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिला पूर्वग्रह. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून लोकांना दिली. महाग म्हणून दिलेली जास्त आवडली, आणि मेंदूतल्या सुखाशी निगडित भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ही माणसं खोटं बोलत नव्हती, किंमतच चवीत मिसळली होती. त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक झाकून घेतलेल्या चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य माणसांना महाग वाइन जास्त आवडते असं दिसलं नाही, उलट किंचित कमीच आवडली. म्हणून आमच्याकडे नियम झाला: बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायची, सगळ्यांची मतं झाल्यावरच कागद काढायचा.

दुसरी तुलना. एकच बाटली असली की बोलायला काही सुचत नाही, दोन असल्या की सुचतं. दोन्ही हजाराच्या आतल्या घ्या. सहा माणसांत वाटून माणशी तीनशे-साडेतीनशे रुपये पडतात. आमची आवडती जोडी म्हणजे नाशिककडची शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां. पहिलीत बहुधा पिकल्या फळाचा गंध आणि थोडा गोडवा असतो. दुसरी कोरडी, आंबटसर, कधीकधी चक्क चिरलेल्या ढोबळी मिरचीच्या वासाची. कांदाभजी, मिरचीचा ठेचा किंवा सुरमईचं तिखट असेल तर किंचित गोड, थंड पांढरी वाइन बरी. तुरट रेड तिखटाबरोबर आणखी झोंबते.

तिसरा सराव. वहीत चार शब्द लिहा, आणि ते आपले लिहा. पुस्तकात गूसबेरी असेल, पण आपण ती कुठे खाल्ली आहे? कैरी, पेरू, मिरी, ओली माती चालेल.

आता खरेदीच्या दोन-चार गोष्टी. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन, हा गैरसमज आहे. उलट आमच्यावर आलेला बुचाचा प्रसंग त्याने बहुतेक टळतो. साध्या पांढऱ्या वाइनवर अलीकडचं साल पाहा, ती साठवून ठेवण्यासाठी नसते. उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका. रेड 'खोलीच्या तापमानाला' प्यावी म्हणतात, ते युरोपातल्या जुन्या, गार खोल्यांचं तापमान, साधारण १६ ते १८ अंश. आपल्या खोलीत तिशी गाठलेली असते, तेव्हा रेडलाही अर्धा तास फ्रिज दाखवा. उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

प्रकृतीसाठी वाइन घ्या, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. दारूचं पूर्ण सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. थोडी घ्यावी, गाडी चालवू नये, आणि न घेणाऱ्याला कोकम सरबत द्यावं, आग्रह नको.

शेवटी एक सांगतो. करोनानंतर आमच्यातल्या एकाचा वास गेला तो गेलाच. जीभ गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते, बाकी बहुतेक 'चव' नाकाची असते. त्यांनी यायचं बंद केलं. "मला काय कळणार?" म्हणाले. आम्ही जाऊन त्यांना घेऊन आलो. आता ते फक्त आंबटपणा आणि तुरटपणा यांवर बोलतात, आणि त्या बाबतीत त्यांचा शब्द आम्ही शेवटचा मानतो. काही येत नसेल तेव्हा सरळ म्हणतात, "मला काही लागत नाही." त्या जिन्यानंतर हे वाक्य आमच्या बैठकीत मोठ्याने म्हणता येऊ लागलं, याचं आम्हाला अप्रूप आहे.

भरताने 'नाट्यशास्त्रा'त रस समजावताना जेवणाचाच दाखला दिला. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाचा आस्वाद घेणाऱ्याला त्याने शब्द वापरला 'सुमनस', प्रसन्न मनाचा. भीती असलेलं मन प्रसन्न कसं होणार? महाग बाटलीपुढे आपण परीक्षेला बसतो. हजाराच्या आतली बाटली चुकली तर हसता येतं, आणि हसता आलं की खरं बोलता येतं.

तेव्हा पुढच्या वेळेपर्यंतचा गृहपाठ: दोन बाटल्या, जुनं वर्तमानपत्र आणि खरं बोलणारे मित्र. तिसरी गोष्ट दुकानात मिळत नाही, ती आधी जमवा.