वारीतला स्वयंपाक आणि गॅसची टाकी

आषाढी जवळ आली की गावोगावच्या दिंड्या निघतात. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. माणसे पायी चालतात. शिधा आणि भांडीकुंडी ट्रकमधून पुढे जातात. पूर्वी मुक्कामावर तीन दगडांची चूल मांडत. पावसात लाकडे भिजली की धुराने डोळे चोळत बसावे लागे. आता बहुतेक ट्रकमध्ये गॅसची टाकी असते. सोय मोठी झाली.

पण घरातली टाकी महिना-महिना एका जागी असते. वारीतली टाकी रोज सोडतात आणि रोज जोडतात. रोज जोडणे आले म्हणजे रोज चूक होण्याची भीती आली.

एका वर्षी फलटणच्या अलीकडे आमच्या दिंडीचा मुक्काम होता. चहा लवकर व्हावा म्हणून एका तरुणाने घरच्या शेगडीला मोठ्या भट्टीचा रेग्युलेटर लावला. म्हणाला, "गुरुजी, दोन्ही सारखेच की!" काडी ओढली मात्र, जाळ कमरेएवढा उठला. राहुटीचे कापड होरपळले. स्वयंपाकाच्या मावशींचा हात भाजला. आम्ही शेजारीच उभे होतो. आम्ही त्याला अडवले नाही, कारण आम्हालाही फरक ठाऊक नव्हता. इतकी वर्षे मुलांना शिकवले, पण हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो.

फरक कसला? जोराचा. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबून पातळ करून भरलेले असतात. त्यामुळे आतला जोर फार असतो. बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे ५ किलो वजन ठेवावे, एवढा तो असतो. उन्हात तो आणखी वाढतो. घरच्या शेगडीला मात्र तेवढ्याच जागेवर फक्त ३० ग्रॅमचा जोर लागतो. हा जोर कमी करण्याचे काम रेग्युलेटर करतो. धरणाचे पाणी थेट वाफ्यात सोडले तर पीक वाहून जाईल. मध्ये दार हवे. रेग्युलेटर हे ते दार.

भट्टीला जास्त जोर लागतो, म्हणून तिचे दार मोठे असते. ते शेगडीला लावू नये. घरच्या शेगडीला घरचाच रेग्युलेटर. भट्टीला भट्टीचा. दोन्हींवर रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे अंधारात घोटाळा होत नाही.

आता टाकी कशी जोडावी ते पाहू.

टाकी सपाट जागेवर उभीच ठेवावी, आडवी कधीही नाही. शेगडी टाकीपेक्षा उंच असावी. राहुटी चारी बाजूंनी बंद करू नये. चालत्या ट्रकमध्ये तर शेगडी पेटवूच नये.

टोपण काढले की टाकीच्या तोंडात रबराची कडी दिसते. ती नसेल किंवा फाटलेली असेल, तर टाकी परत करावी. जवळपास जाळ, विडी, उदबत्ती काही नको. रेग्युलेटरची कळ बंद ठेवून तो तोंडावर घट्ट बसवावा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. हलकेच वर ओढून पाहावे. निघाला नाही म्हणजे बसला.

नळी वाकवून पाहावी. चिरा दिसल्या तर चिंधी बांधून भागवू नये, नळी बदलावी. चांगली दिसली तरी ५ वर्षांनी बदलावी.

मग कळ उघडावी आणि सर्व सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. काही जण काडी ओढून गळती पाहतात. असे चुकूनही करू नये. शेगडी पेटवताना आधी काडी ओढावी, मग शेगडीची कळ फिरवावी.

गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे औषध मुद्दाम घालतात. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर उडून जात नाही, खड्ड्यात आणि राहुटीच्या तळाशी साचतो. वास आला तर सगळे जाळ विझवावेत. दिव्याचे बटण लावू नये, काढूही नये. रेग्युलेटर बंद करून काढावा, टोपण बसवावे, कनाती वर कराव्यात आणि माणसे दूर न्यावीत. दूर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो गॅसगळतीसाठीच आहे.

मुक्काम हलवताना रेग्युलेटर काढून टोपण लावावे. टाकी ट्रकमध्ये उभी बांधावी. रेल्वेने जाणाऱ्यांनी तर टाकी बरोबर घेऊच नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंचा एक डबा जळाला. ही मंडळी उत्तर प्रदेशातून आली होती. त्यांनी नियम मोडून टाकी डब्यात नेली होती. चहापाणी करताना आग लागली आणि ९ माणसे गेली. देवाला निघालेली माणसे घरी परतली नाहीत.

वाचकहो, आता तुम्हाला वाचता येते. तुमच्या दिंडीत स्वयंपाक करणारे आणि ट्रक हाकणारे यांना एकत्र बसवा आणि हा धडा मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या मावशींचा हात वाचवायला तेव्हा कोणी नव्हते. तुमच्या दिंडीत तुम्ही आहात.